जेरेमी आयझॅक्स : चालू घडामोडींतून इतिहासाकडे

जेरेमी आयझॅक्स हे ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या जडणघडणीतील एक प्रमुख नाव. चालू घडामोडींच्या साप्ताहिक कार्यक्रमांचे निर्माते व संपादक म्हणून त्यांची उमेदवारी झाली. पुढे ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ (१९७३-७४) आणि ‘कोल्ड वॉर’ (१९९८) या दोन मोठ्या माहितीपट मालिका त्यांनी उभ्या केल्या, आणि या दोन मालिकांच्या मधल्या काळात ‘चॅनल फोर’ या वाहिनीचे पहिले मुख्य कार्यकारी म्हणून काम पाहिले. पत्रकाराने माहितीपटाकडे वळण्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. आयझॅक्स यांचे वैशिष्ट्य असे की पत्रकारितेतील कामाची पद्धत त्यांनी न सोडता इतिहासाला लावली आणि त्यातून दूरचित्रवाणीवर इतिहास सांगण्याची एक रीतच रूढ झाली.

जडणघडण

आयझॅक्स यांचा जन्म २८ सप्टेंबर १९३२ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील जवाहिरे, आई डॉक्टर. ग्लासगो अकॅडमीतील शालेय शिक्षणानंतर त्यांनी ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात ग्रीक-लॅटिन अभिजात विद्यांचा अभ्यास केला. १९५५मध्ये ते ऑक्सफर्ड युनियन या प्रसिद्ध वादसभेचे अध्यक्ष होते. सक्तीची लष्करी सेवा आटोपून १९५८मध्ये ते मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनमध्ये निर्माता म्हणून रुजू झाले.

तो काळ ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या मोठ्या स्थित्यंतराचा होता. २२ सप्टेंबर १९५५ रोजी जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही ही सेवा सुरू झाली आणि बीबीसीची मक्तेदारी संपली. तोवर राजकारणाच्या बाबतीत दूरचित्रवाणी फार जपून बोलत असे. संसदेत पुढील चौदा दिवसांत ज्या विषयावर चर्चा व्हायची आहे, त्यावर नभोवाणी किंवा दूरचित्रवाणीवर चर्चा करायची नाही, असे बंधनच होते. सुएझच्या पेचप्रसंगात ते अगदीच हास्यास्पद ठरले. १९५६च्या अखेरीस ते स्थगित झाले आणि पुन्हा लागू झाले नाही. १९५८च्या फेब्रुवारीत रॉचडेलची पोटनिवडणूक आयटीव्हीला कार्यक्रम पुरवणाऱ्या ग्रॅनडाने पडद्यावर आणली. दूरचित्रवाणीने निवडणुकीचे वार्तांकन करावे की नाही, हाच तेव्हा वादाचा मुद्दा होता, आणि ग्रॅनडाने तो कृतीने निकालात काढला. आयझॅक्स त्याच वर्षी त्या संस्थेत आले.

ग्रॅनडात त्यांनी ज्या कार्यक्रमांवर काम केले त्यांपैकी दोहोंचा पुढील वाटचालीशी थेट संबंध लागतो. ‘व्हॉट द पेपर्स से’ या कार्यक्रमात आठवडाभरातील वृत्तपत्रांचा परामर्श घेतला जाई. एकाच घटनेची निरनिराळ्या पत्रांनी दिलेली हकिगत शेजारी शेजारी ठेवली, की कोणी काय गाळले आणि कोणी कशाला तिखटमीठ लावले ते आपोआप उघडे पडे. ‘ऑल अवर यस्टरडेज’ हा दुसरा कार्यक्रम १९६०मध्ये सुरू झाला. बरोबर पंचवीस वर्षांपूर्वी त्या आठवड्यात चित्रपटगृहांत दाखवलेले वृत्तपट त्यात पुन्हा दाखवले जात आणि निवेदक त्यांवर भाष्य करी. १९६०पासून पंचवीस वर्षे मागे गेले की १९३५ येते. म्हणजे आठवड्यामागून आठवडा युरोप महायुद्धाकडे सरकतानाची दृश्ये या कार्यक्रमातून जात होती. जुनी चित्रफीत कोणी काढली, कोणासाठी काढली आणि तिच्यात काय दाखवलेले नाही, हे प्रश्न विचारण्याची सवय अशा कामातून लागते.

१९६३मध्ये आयझॅक्स लंडनच्या असोसिएटेड-रिडिफ्यूजन कंपनीच्या ‘धिस वीक’ या साप्ताहिक कार्यक्रमाचे निर्माते झाले, आणि १९६५मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’चे संपादक. दोन्ही कार्यक्रम मुळात मासिकाच्या थाटाचे, म्हणजे एका भागात तीनचार विषय असणारे. एका विषयाला पूर्ण भाग द्यावा, त्याची मुळे शोधावीत आणि प्रेक्षकाला त्यात गुंतायला वेळ द्यावा, अशी आयझॅक्स यांची भूमिका होती. ‘पॅनोरमा’च्या जुन्या घडीला हा बदल सहज मानवला नाही. १९६७मध्ये ते रिडिफ्यूजनमध्ये परतले आणि १९६८मध्ये तिच्या दुसऱ्या एका कंपनीशी झालेल्या विलीनीकरणातून थेम्स टेलिव्हिजन ही कंपनी निघाली, तेव्हा तिच्या वृत्त व माहितीपर कार्यक्रमांचे प्रमुख झाले.

‘द वर्ल्ड ॲट वॉर’

आयटीव्हीच्या कंपन्यांच्या जाहिरात-उत्पन्नावर सरकार विशेष कर घेत असे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी तो कमी झाला आणि वाचलेला पैसा कार्यक्रमांचा दर्जा वाढवण्यासाठी खर्च व्हावा अशी अपेक्षा होती. आयझॅक्स यांनी थेम्सपुढे दुसऱ्या महायुद्धाच्या समग्र इतिहासाचा प्रस्ताव ठेवला. एकूण २६ भागांच्या या मालिकेचा खर्च सुमारे नऊ लाख पौंडांवर गेला. माहितीपर मालिकेवर तोवर एवढी रक्कम कोणी खर्च केली नव्हती.

समोर एक मोठा आदर्श होता आणि एक इशाराही. बीबीसीने १९६४मध्ये पहिल्या महायुद्धावर ‘द ग्रेट वॉर’ ही तेवढ्याच भागांची मालिका केली होती. ती गाजली, पण खऱ्या रणांगणावरील चित्रणात नंतर रचून घेतलेली दृश्ये बेमालूम मिसळल्याबद्दल इम्पीरियल वॉर म्युझियमचे संचालक नोबल फ्रँकलंड यांनी तीव्र आक्षेप घेतला होता. आयझॅक्स यांनी याच फ्रँकलंड यांना आपल्या मालिकेचे इतिहास-सल्लागार नेमले. युद्धाचा निकाल ज्या मोहिमांवर ठरला अशा पंधरा मोहिमांची यादी त्यांनी फ्रँकलंड यांच्याकडे मागितली आणि प्रत्येकीला एक भाग दिला. उरलेले अकरा भाग नाझी राजवटीचा उदय, ब्रिटन व जर्मनीतील घरगुती जीवन, व्याप्त हॉलंड, ज्यूंचा संहार अशा विषयांसाठी राखले. सेनापतींच्या नकाशाइतकेच रांगेत उभ्या असलेल्या गृहिणीला महत्त्व देणारी ही आखणी होती.

मालिका अनेकांनी मिळून केली. प्रत्येक भागाला स्वतंत्र दिग्दर्शक आणि लेखक होते. पीटर बॅटी, डेव्हिड एल्स्टाइन, मायकेल डार्लो, फिलिप व्हाइटहेड, मार्टिन स्मिथ, जॉन पेट हे त्यांतले काही दिग्दर्शक; नील ॲशरसन यांच्यासारखे पत्रकार लेखकांत होते. चित्रफितींचा शोध रे फार आणि जॉन रो यांच्याकडे होता. संगीत कार्ल डेव्हिस यांचे आणि निवेदनाचा आवाज लॉरेन्स ऑलिव्हिए यांचा. या सगळ्यांची कामे एका सुरात आणणे ही निर्मात्याची जबाबदारी. साप्ताहिकाचा संपादक वेगवेगळ्या वार्ताहरांच्या मजकुरातून एक अंक घडवतो, त्याच रीतीने आयझॅक्स यांनी ती पार पाडली.

सर्वांत मोलाचा निर्णय साक्षीदारांबाबतचा होता. नामवंतांच्या मुलाखती मालिकेत आहेत. अँथनी ईडन, ॲव्हरेल हॅरिमन, माउंटबॅटन, जर्मन नौदलप्रमुख कार्ल डोनित्झ, हिटलरचा शस्त्रनिर्मिती मंत्री आल्बर्ट श्पेअर हे सगळे पडद्यावर दिसतात. परंतु आयझॅक्स यांचा भर दुसऱ्या फळीतील माणसांवर होता : स्वीय साहाय्यक, चिटणीस, खालचे अधिकारी, साधे सैनिक आणि नागरिक. नेत्याचे म्हणणे त्याच्या आत्मचरित्रात येऊन गेलेले असते. नेता ज्या खोलीत निर्णय घेत होता त्या खोलीत उभ्या असलेल्या माणसाला मात्र सहसा कोणी विचारलेले नसते, आणि त्याला स्वतःची प्रतिमा जपण्याची गरजही कमी असते. चांगल्या बातमीदाराला हे ठाऊक असते. हिटलरची चिटणीस ट्राउडल युंग हिची साक्ष या विचारातूनच मालिकेत आली.

या शोधातील सर्वांत अवघड माणूस म्हणजे कार्ल वोल्फ. हा नाझींच्या एस.एस. दलाचा प्रमुख हाइनरिश हिमलर याचा निकटचा लष्करी साहाय्यक. संशोधक सुझन मॅकॉनकी यांनी त्याला शोधून काढून बोलते केले. १९४१च्या ऑगस्टमध्ये मिन्स्कजवळ हिमलरच्या देखत झालेल्या सामूहिक हत्येला आपण हजर होतो, हे वोल्फने कॅमेऱ्यासमोर सांगितले. गोळी लागलेल्या माणसाच्या मेंदूचे शिंतोडे हिमलरच्या कोटावर उडाले, तो पांढराफटक पडला आणि कोसळतो की काय असे वाटले, ही हकिगत नीटनेटक्या पोशाखातला एक वयस्क गृहस्थ स्वस्थपणे सांगतो. प्रश्न विचारणारा दिसत नाही, पार्श्वसंगीत नाही, निवेदकाची टिप्पणीही नाही. संहाराच्या यंत्रणेत असलेल्या माणसाचे बोलणे जसेच्या तसे समोर ठेवायचे आणि न्याय प्रेक्षकावर सोपवायचा, हे धोरण मालिकेने अखेरपर्यंत पाळले.

पहिल्या भागाची सुरुवात या धोरणाचा उत्तम नमुना आहे. मालिका हिटलरच्या भाषणाने किंवा रणगाड्यांच्या रांगेने सुरू होत नाही. कॅमेरा फ्रान्समधील ओरादूर-स्यूर-ग्लान या उद्ध्वस्त गावावरून हवेतून जातो. १० जून १९४४ रोजी जर्मन एस.एस. सैनिकांनी या गावातील ६४३ माणसे मारली. पुरुषांना कोठारांत आणि बायकामुलांना चर्चमध्ये कोंडून. युद्धानंतर गाव पुन्हा वसवले गेले नाही, अवशेष जसेच्या तसे राखले गेले. छप्पर नसलेल्या भिंती आणि निर्मनुष्य रस्ता दिसत असताना ऑलिव्हिए मोजक्या, छोट्या वाक्यांत काय घडले ते सांगतात आणि मग कथन १९३३च्या जर्मनीकडे वळते. युद्धाचा शेवट कशात झाला ते आधी पाहिलेला प्रेक्षक त्याची सुरुवात वेगळ्या नजरेने बघतो.

दृश्यांच्या बाबतीतही कसोटी कडक होती. महायुद्धातील बहुतेक चित्रण मुके आहे. तोफांचे, विमानांचे आवाज नंतर जोडावे लागतात. तेवढी मुभा घेऊन, दृश्य मात्र ज्या लढाईचे म्हणून दाखवायचे तिचेच असावे, असा दंडक होता. जिथे चित्रण उपलब्ध नाही तिथे साक्षीदाराचा चेहराच पडद्यावर राहतो. ‘जेनोसाइड’ हा ज्यूंच्या संहारावरील विसावा भाग मायकेल डार्लो यांनी दिग्दर्शित केला. छळछावण्यांतून वाचलेले लोक आणि तेथे काम केलेले जर्मन या दोघांच्याही साक्षी त्यात आहेत.

चौदावा भाग १९४२ ते १९४४ या काळातील ब्रह्मदेशच्या आघाडीवर आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने हा भाग जवळचा, कारण या आघाडीवर लढलेल्या चौदाव्या सेनेत सर्वाधिक भरणा भारतीय सैनिकांचा होता. इंफाळच्या वाटेवरील सांगशाक येथे मार्च १९४४मध्ये जपानी चढाई रोखून धरणाऱ्या तुकड्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटणही होती. ब्रिटनमध्ये ही आघाडी विस्मरणात गेल्यासारखी होती. तिला मालिकेत स्वतंत्र भाग मिळाला.

पहिला भाग ३१ ऑक्टोबर १९७३ रोजी प्रसारित झाला, अखेरचा ८ मे १९७४ रोजी, म्हणजे युरोपातील विजयाच्या वर्धापनदिनी. मालिकेला उणिवा आहेत. जर्मनांचे सांकेतिक संदेश ब्रिटिशांनी उलगडले होते, हे गुपित १९७४मध्ये जाहीर झाले. त्यामुळे अटलांटिकमधील पाणबुडी-युद्धासारख्या विषयांत निकालाचे एक मोठे कारण मालिकेत येऊ शकले नाही. उलट तिची वेळ साक्षीदारांच्या दृष्टीने अचूक होती. ईडन १९७७मध्ये गेले, माउंटबॅटन १९७९मध्ये मारले गेले, डोनित्झ १९८०मध्ये, श्पेअर १९८१मध्ये आणि वोल्फ १९८४मध्ये मरण पावला. दहा वर्षे उशीर झाला असता तर यांपैकी बहुतेक साक्षी मिळाल्याच नसत्या. उरलेल्या सामग्रीतून पुढे काही स्वतंत्र माहितीपट निघाले. मुलाखतींचे मूळ चित्रण इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये जतन झाले आणि त्याच्या आधारे इतिहासकार रिचर्ड होम्स यांनी २००७मध्ये ग्रंथ सिद्ध केला. २०००मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने केलेल्या शंभर श्रेष्ठ ब्रिटिश कार्यक्रमांच्या यादीत मालिकेला एकोणिसावे स्थान मिळाले.

प्रशासक आणि चॅनल फोर

१९७४ ते १९७८ या काळात आयझॅक्स थेम्सचे कार्यक्रम-संचालक होते. बीबीसीने नाकारलेला ‘द नेकेड सिव्हिल सर्व्हंट’ (१९७५) हा चित्रपट थेम्सने केला तो याच काळात. मूकपटांच्या युगावरील केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांच्या ‘हॉलिवुड’ (१९८०) या तेरा भागांच्या मालिकेची मुळेही इथेच आहेत. थेम्स सोडल्यावर त्यांनी रॉबर्ट की यांनी लिहिलेली व सादर केलेली ‘आयर्लंड : अ टेलिव्हिजन हिस्टरी’ ही मालिका निर्माण केली. उत्तर आयर्लंडमध्ये रक्तपात चालू असताना ब्रिटिश प्रेक्षकांना त्याची शतकांमागची कारणे दाखवणारी ही मालिका बीबीसी आणि आयर्लंडची आरटीई या दोन्ही संस्थांच्या सहकार्याने झाली.

१९७९मध्ये एडिंबरा दूरचित्रवाणी महोत्सवातील मॅक्टॅगर्ट व्याख्यानात आयझॅक्स यांनी येऊ घातलेल्या चौथ्या वाहिनीविषयीची आपली कल्पना मांडली. १९८०च्या कायद्याने त्या वाहिनीवर आशय आणि मांडणी या दोहोंत नवे प्रयोग करण्याची जबाबदारी टाकली. १९८१मध्ये आयझॅक्स तिचे पहिले मुख्य कार्यकारी झाले आणि २ नोव्हेंबर १९८२ रोजी चॅनल फोरचे प्रसारण सुरू झाले.

या वाहिनीची रचना माहितीपटाच्या व्यवसायाला कलाटणी देणारी ठरली. चॅनल फोर स्वतः कार्यक्रम बनवत नसे. प्रकाशक जसा लेखकांकडून पुस्तके घेतो तशी ती बाहेरच्या निर्मात्यांना कामे देई. तोवर ब्रिटनमध्ये माहितीपट करायचा तर बीबीसीची किंवा आयटीव्हीच्या एखाद्या कंपनीची नोकरी धरणे हाच मुख्य मार्ग होता. आता दोनचार माणसांची छोटी संस्थाही प्रस्ताव घेऊन येऊ शकत होती, आणि अशा संस्था झपाट्याने वाढल्या. १९८२मध्ये चित्रपट-कामगार संघटनेशी झालेल्या करारामुळे प्रादेशिक आणि कृष्णवर्णीय कलावंतांच्या कार्यशाळांनाही आधार मिळाला. ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्हचा ‘हँड्सवर्थ साँग्स’ (१९८६) हा त्यांतला नावाजलेला माहितीपट. संध्याकाळी सुमारे तासभराचे सविस्तर बातमीपत्र देण्याचा प्रघातही या वाहिनीने पाडला. सुरुवातीला प्रेक्षक कमी, वृत्तपत्रांची टीका आणि राजकारण्यांची नाराजी हे सगळे वाट्याला आले. तरी आयझॅक्स यांनी १९८७मध्ये पद सोडले तेव्हा वाहिनी स्थिरावली होती.

पुढची जवळजवळ दहा वर्षे ते लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसचे महासंचालक होते. तेथील कारभाराचे आतून चित्रण करण्यास त्यांनी बीबीसीला परवानगी दिली आणि १९९६मध्ये ‘द हाउस’ ही मालिका प्रसारित झाली. संस्थेतील भांडणे, पैशाची ओढाताण सारे त्यात आले. ज्याने आयुष्यभर इतरांच्या दारावर कॅमेरा नेला त्याने स्वतःचे दार बंद ठेवले नाही, हे नमूद करायला हवे. याच काळात बीबीसीवर ‘फेस टू फेस’ या पुनरुज्जीवित कार्यक्रमात ते मुलाखतीही घेत होते. १९९६मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

‘कोल्ड वॉर’

सीएनएन या अमेरिकी वृत्तवाहिनीचे संस्थापक टेड टर्नर यांना शीतयुद्धाचा संपूर्ण इतिहास पडद्यावर हवा होता. सोव्हिएत संघ कोसळून फार वर्षे झाली नव्हती, दोन्ही बाजूंचे अनेक साक्षीदार हयात होते आणि पूर्वी बंद असलेली दफ्तरे उघडू लागली होती. हे काम टर्नर यांनी आयझॅक्स यांच्याकडे सोपवले. एकूण २४ भागांची ही मालिका १९९८मध्ये प्रसारित झाली. निवेदन केनेथ ब्रॅना यांचे, संगीत पुन्हा कार्ल डेव्हिस यांचेच, आणि सल्लागारांत अमेरिकन, ब्रिटिश व रशियन असे तिन्ही देशांचे अभ्यासक. गोर्बाचेव्ह, थोरले बुश आणि फिडेल कास्त्रो यांच्या साक्षींबरोबर सैनिक, कामगार, हेर आणि सामान्य नागरिकांच्या साक्षी हे सूत्र इथेही कायम राहिले.

मालिकेवर अमेरिकेत वाद झाला. रिचर्ड पाइप्स आणि रॉबर्ट काँक्वेस्ट यांच्यासारख्या अभ्यासकांनी, दोन्ही महासत्तांना एकाच तराजूत तोलल्याचा आरोप केला. या वादातून साक्षीच्या पद्धतीची एक मर्यादा पुढे येते. प्रत्येक बाजूला आपले म्हणणे मांडू दिले, की काही प्रेक्षकांना तो निर्णय टाळण्याचा प्रकार वाटतो. पण साक्षी मूळ स्वरूपात नोंदल्या गेल्या असल्यामुळे टीकाकारांनाही आपला निष्कर्ष त्यांच्याच आधारे काढता येतो, ही या पद्धतीची जमेची बाजू आहे.

२००६मध्ये आयझॅक्स यांचे ‘लुक मी इन द आय’ हे आत्मकथन प्रकाशित झाले. त्यांच्या कारकिर्दीचा ताळेबंद मांडताना तीन गोष्टी जमेस धराव्या लागतात. घटनेच्या जवळ असलेल्या, पण कोणी न विचारलेल्या माणसाला शोधून बोलते करणे, ही त्यांनी माहितीपटाला दिलेली पहिली देणगी. दृश्याला दस्तऐवजासारखे तपासून मगच वापरणे ही दुसरी. आणि मोठ्या संस्थांबाहेरच्या निर्मात्याला काम व पैसा मिळवून देणारी वाहिनी उभारणे ही तिसरी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी त्यांनी साप्ताहिक कार्यक्रमांच्या धावपळीत आत्मसात केल्या होत्या. साक्षीदार हयात असतानाच त्यांच्यापर्यंत पोचण्याची पत्रकाराची घाई आणि मिळालेली प्रत्येक गोष्ट पारखून घेण्याचा इतिहासकाराचा संयम, या दोहोंचा मेळ त्यांच्या कामात बसला. दूरचित्रवाणीवरील इतिहासाचे मोल आजही याच कसोटीवर ठरते.